नवव्या गाळ्याचा देव

मी बंधारा बोलतोय. हेळेवाडीचा. कोल्हापूरहून गगनबावड्याकडे निघालात की अर्ध्या वाटेवर डाव्या हाताला एक फाटा फुटतो, तिथून उसातनं दोन मैल आत. आपली कहाणी सांगणारे बहुधा आपला मोठेपणा सांगतात. मला तशी सोय उरलेली नाही. माझ्याकडून जे घडलं ते एकदा सगळं सांगून टाकावं, एवढ्यासाठी तोंड उघडलंय.

आधी मी म्हणजे काय ते सांगतो. नदीत काळ्या दगडाचे खांब ओळीनं उभे आहेत, त्यांच्या माथ्यावरनं चालायची वाट आहे आणि दोन खांबांच्या मध्ये मोकळी जागा आहे. त्या जागेला गाळा म्हणतात. असे माझे चौदा गाळे. खांबांना दोन्ही अंगांनी उभ्या खाचा आहेत. पाऊस सरला, नदी निवळली की या खाचांतून लोखंडी फळ्या एकीवर एक सोडायच्या. त्या फळ्यांना बर्गे म्हणतात. बर्गे बसले की पाणी मागं मैलभर तुंबतं आणि दोन्ही काठांचा ऊस उन्हाळा काढतो. मृग जवळ आला की बर्गे काढायचे आणि पुराला वाट द्यायची. चार महिने नुसता सांगाडा आणि आठ महिने धरण, असा माझा संसार.

मला बांधून पन्नास वर्षं होत आली. त्या वेळी सिमेंटच्या पाट्या वाहणाऱ्यांत मौलाली नावाचा एक अठरा वर्षांचा गडी होता. काम संपलं, बाकीचे गेले, हा मात्र माझ्याजवळच राहिला. गावानं बर्गे घालायचं आणि काढायचं काम त्याच्याकडं सोपवलं. बर्गा उचलायला लोखंडी आकडे लागतात, दोन बाजूंना दोन. ते आकडे काठावरच्या खोलीत टांगलेले असायचे आणि खोलीची किल्ली मौलालीच्या करदोट्याला. खांबाला कान लावून तो कुठनं किती गळतंय ते सांगायचा. मला बनवणाऱ्या साहेबांनाही माझी एवढी ओळख नव्हती.

गळणं हे माझं जन्माचं दुखणं. लोखंड आणि दगड कितीही जुळवले तरी फट राहतेच. त्यावर हेळेवाडीनं आपला उपाय काढला होता. बर्गे घालायच्या दिवशी घराघरातून एकेक फाटकी वाकळ, म्हणजे गोधडी, यायची. बाया त्या वाकळा चिखलात कालवायच्या आणि गडी फटीत कोंबायचे. कुणाच्या बाळंतपणातली, कुणाच्या म्हाताऱ्याच्या आजारपणातली, अशा वाकळांनी माझं अंग झाकलं जायचं. मला त्याचं काही वाटत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला समजावायचो. हीच सवय पुढं अंगलट आली.

तुंबलेल्या पाण्यात गावाची पोरं पोहायला शिकली. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा आणि मौलालीनं ढकलून द्यायचं, हीच इथली शाळा. "हातपाय मार की गं! पाणी काय खातंय व्हय तुला?" असं तो काठावरनं ओरडायचा. त्याच्या हातची शेवटची चेली म्हणजे निशिगंधा, धोंडुबाईची नात. आई-बाप शिरोळकडं नोकरीला, पोर आजीपाशी वाढलेली. आता वीस वर्षांची आहे. पोलीस भरतीसाठी पहाटे धावायची आणि धावून झालं की माझ्या पाण्यात चार फेऱ्या मारायची.

मग तो मोठा महापूर आला. माझ्या माथ्यावरून दोन पुरुष पाणी गेलं. वरून वाहत आलेलं एक आख्खं झाड नवव्या गाळ्यात येऊन आदळलं आणि खांबाची खाच खालच्या बाजूला फुटली. पाणी ओसरल्यावर मौलालीनं हात घालून पाहिलं. त्या वर्षी बर्गे घातले तेव्हा नवव्या गाळ्यातला खालून दुसरा बर्गा नीट बसेना. एका टोकाला वीतभर भोक राहिलं, तळापासून गुडघ्याच्या उंचीवर, पाण्याखाली. अर्ज गेला, साहेब आले, फोटो काढून गेले. प्रस्ताव वर पाठवला असं कळलं. तो अजून वरच आहे.

तोवर वाकळा होत्याच. भोकात वाळूची पोती आणि वाकळा कोंबल्या, की पंधरा दिवस गप्प. पुढं पाणी त्या गिळायचं. पाणी गिळायचं म्हणजे मीच गिळायचो, उगाच दुसऱ्यावर कशाला ढकलू? वरून पाहाल तर पाणी संथ, आभाळ दिसेल इतकं. खाली मात्र त्या भोकाकडं अशी ओढ, की जवळ आलेली वस्तू सुटायची नाही.

एकदा धोंडुबाईची म्हैस पोहत तिकडं गेली. मागचा पाय ओढला गेला तशी ती रेकायला लागली. जनावर दांडगं, चार झटके देऊन सुटलं, पण पायाचं कातडं सोलून निघालं. मौलाली त्याच संध्याकाळी ट्रॉलीला मारून उरलेला लाल रंग घेऊन आला आणि नवव्या खांबाच्या माथ्यावर परातीएवढा लाल गोळा काढला. त्याला लिहिता येत नव्हतं. काठावरच्या सगळ्यांना त्यानं बजावून सांगितलं, "ही धोक्याची खूण हाय. हिच्या आसपास पोरं सोडू नगासा."

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडुबाई आली ती हळद-कुंकू आणि नारळ घेऊन. म्हैस वाचली म्हणून तिनं लाल गोळ्याला कुंकू वाहिलं, नारळ फोडला, हात जोडले.

मौलाली हसला. "आक्का, रंग म्या लावलाय न्हवं काल."

"रंग तू लावलास रं," धोंडुबाई म्हणाली, "पर लावायची बुद्धी कुणी दिली तुला?"

मौलाली हसतच खोलीकडं वळला.

महिनाभरात लाल गोळ्यावर शेंदूर चढला. दोन चांदीचे डोळे आले. नवगाळ्याचा म्हसोबा असं नाव पडलं. कुणाची गाय व्याली, कुणाचं लग्न जमलं, नारळ माझ्या खांबावर. आणि आता ज्याची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते ते सांगतो. मला ते आवडलं. पन्नास वर्षं मी पाणी अडवलं, कधी कुणी माझ्यापुढं उदबत्ती लावली नव्हती. बायका पदर डोक्यावर घेऊन वाकायच्या तेव्हा माझ्या अंगातलं भोक मी विसरून जायचो. गावाला खरं काय ते कळावं असं एकदाही मनात आलं नाही. झेंडूच्या माळांचं ओझं मला हवंहवंसं वाटायचं.

विश्वजित हा गावातला हुशार, धडपड्या तरुण. त्याला या देवाचं तेज लगेच ध्यानात आलं. त्यानं टायरच्या ट्यूबा आणल्या, दोन होड्या आणल्या, काठावर मिसळीचं आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं दुकान टाकलं. रविवारी कोल्हापुरातनं गाड्या यायला लागल्या. पार इचलकरंजी-कबनूरकडचे लोकही यायचे. माणसं माझ्या खांबांवरनं अंग मुडपून पाण्यात मुटका मारायची, ओल्या अंगानं फोटो काढायची, रस्सा ओरपायची आणि कागदी द्रोण पाण्यात सोडून जायची. विश्वजितनं नवव्या खांबावर पत्र्याचं छप्पर घातलं, त्याखाली सिमेंटचा कट्टा. मोठी पितळी घंटा टांगायला भक्कम काहीतरी हवं होतं, म्हणून मौलालीकडनं खोलीची किल्ली नेली आणि बर्गे उचलायचे ते दोन आकडे छपराच्या लोखंडाला जोडून टाकले. घंटा झकास बसली.

त्यातून प्रथा निघाली नारळ काढायची. यात्रेच्या दिवशी देवापुढं पाण्यात नारळ टाकायचा आणि जो बुडी मारून काढेल त्याचा नवस पुरा. भोकाची ओढ अशी, की टाकलेला नारळ तरंगायचाही नाही, थेट त्याच्याच तोंडाशी जाऊन अडकायचा. लोक म्हणायचे, देव नारळ ओढून घेतोय. एकाही माणसाला असं वाटलं नाही की जे नारळ ओढतं ते पायही ओढेल.

मौलालीला वाटलं. तो कट्ट्यापाशी जाऊन उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "आरं ती खूण हाय, द्येव न्हाय! खाली भोक हाय, मरंल एखादा!"

विश्वजित चिडला नाही. समजुतीच्या सुरात म्हणाला, "चाचा, द्येव आमचा हाय. तुमी कशाला मधी पडताय?"

मौलाली कट्ट्यापासून मागं सरला. मोहरमात ज्याच्या घरच्या पंजापुढं आख्खं गाव नारळ फोडतं, ज्याच्या हातावर गावातली तीन पिढ्यांची पोरं पोहायला शिकली, त्याला त्या एका 'आमचा'नं गावाबाहेर उभं केलं. तिथं पंचवीस-तीस माणसं होती. एकानंही विश्वजितला गप्प केलं नाही. धोंडुबाईही होती. तिनं पदराचं टोक उगीच चाळवलं आणि दुसरीकडं पाहिलं. त्या दिवसापासून मौलाली माझ्याकडं यायचा बंद झाला. त्याचा कान माझ्या खांबाला लागायचा थांबला आणि मला आधी हायसं वाटलं. सोयऱ्यांत बसल्यावर आपलं दुखणं माहीत असलेला माणूस उठून जावा, तसं.

यंदाच्या चैत्रात यात्रा भरली. उसाच्या पंपांच्या उपशानं पाणी उतरलं होतं, नवव्या गाळ्याशी छातीभरच उरलं होतं. छातीभर पाण्याला कोण भितंय? दुपारी नारळ पडला. चार-पाच गड्यांनी बुड्या मारल्या, गढूळ पाण्यात कुणालाच सापडेना. काठावर निशिगंधा उभी होती. ती म्हणाली, "नारळ काय गड्यांनीच काढायचा व्हय? सरका की." लोक हसले, टाळ्या पडल्या. धोंडुबाई कौतुकानं म्हणाली, "जा, काढ. द्येव तुझी भरती करतोय बघ."

निशिगंधा पाण्यात उतरली, बर्ग्याशी येऊन उभी राहिली आणि पायानं चाचपायला लागली. पायाला नारळ लागला. तिनं तो टाचेनं हलवला, तसा नारळ सुटून भोकातनं पलीकडं गेला, आणि त्याच्यामागोमाग तिचा पाय. गुडघ्यापर्यंत आत.

तो मी धरला. दुसऱ्या कुणी नाही. माझ्याच दगडानं आणि माझ्याच लोखंडानं.

आधी लोकांना गंमत वाटली. मग तिची किंकाळी ऐकून दोघं उतरले, काखेत हात घालून ओढायला लागले. जितकं ओढावं तितकी ती विव्हळायची. पाणी छातीपर्यंत आहे, डोकं वर आहे, काढू निवांत, असं कुणीतरी म्हणालं. तेवढ्यात माझ्या मागच्या अंगाला गार पाणी लागलं. वरच्या धरणातनं उन्हाळी पाणी सोडायचा तो दिवस होता. गावाला ते ठाऊक होतं, पण यात्रेच्या गडबडीत कुणाच्या डोक्यात नव्हतं. अर्ध्या तासात पाणी तिच्या खांद्याला आलं.

कुणीतरी पळत जाऊन मौलालीला आणलं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, अनवाणी धावत आला. पाणी पाहिलं आणि ओरडला, "वढू नगासा! हाड मोडंल. शेजारचं आठ आणि दहा नंबर खोला, पाणी उतरवा, मग पाय आपसूक सुटतोय. आकडं आणा!"

सगळ्यांची नजर घंटेकडं गेली.

आणि कुणी हललं नाही. यात्रेचा दिवस, देवापुढं दिवा लावलेला, तळी भरलेली. घंटा उतरवायची म्हणजे छप्पर मोडायचं. "द्येवाचं छप्पर कसं मोडायचं?" एकजण पुटपुटला. दुसरा म्हणाला, "कौल लावूया का आधी?" विश्वजितचा चेहरा पांढरा पडला होता. "थांबा, दोर लावून बघू, साखळी बघू," म्हणत तो इकडून तिकडं पळत होता. पाणी निशिगंधाच्या हनुवटीला लागलं. दोघांनी तिची मान वर धरली होती. "आजी," ती म्हणाली, "आजी गं, मला काढ की."

मी देव होतो म्हणे. पन्नास वर्षांत मी पहिल्यांदा काहीतरी मनापासून मागितलं असेल, तर ते त्या वेळी. माझा खांब तिथंच ढासळावा आणि पोर सुटावी. मला एक खडा हलवता आला नाही.

धोंडुबाईनं मिसळीच्या दुकानामागची पहार उचलली. सत्तरी उलटलेली बाई, पण उसाच्या रानात जन्म गेलेला. कट्ट्यावर चढली. "आज्जे, पाप लागंल," मागनं कुणीतरी म्हणालं. तिनं वळूनही पाहिलं नाही. "पयला नारळ म्याच फोडलाय न्हवं हितं? मग मोडते बी मीच," असं म्हणत तिनं पहिला घाव घातला. पत्रा वाकला. दुसऱ्या घावाला चांदीचा एक डोळा उडून पाण्यात पडला. तिसऱ्या घावाला विश्वजित रडत रडत वर चढला आणि त्यानं तिच्या हातातली पहार घेतली. घंटा खाली कोसळली, आकडे निघाले.

पुढचं काम मौलालीचं. पन्नास वर्षं बर्गे उचललेले हात होते ते. आठव्या गाळ्यातला वरचा बर्गा निघाला, मग दहाव्यातला, मग त्यांच्या खालचे. पाणी धाड्‌दिशी सुटलं. निशिगंधाच्या नाकाशी आलेलं पाणी हनुवटीखाली गेलं, खांद्याखाली, कमरेखाली. मौलाली माझ्या पलीकडच्या अंगाला उतरला. भोकातनं बाहेर आलेलं तिचं पाऊल त्यानं दोन्ही हातांत धरलं आणि आत सरकवलं, वासरू अडलेल्या गाईला मोकळं करतात तितक्या हलक्या हातानं. ती सुटली. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं.

पोर जगली. पण भरती हुकली, आणि डॉक्टर म्हणाले की पूर्वीसारखं धावणं आता जमेलसं वाटत नाही. ती ज्या पहाटे धावायची, त्या पहाटे आता माझ्या काठावर कुणी नसतं.

दुसऱ्या दिवशी विश्वजित मौलालीच्या दारात गेला. परत येताना माझ्या काठावर थांबून मित्राला सांगत होता, म्हणून मला कळलं. तो पाया पडायला वाकला, तर चाचांनी त्याला अर्ध्यावर उठवलं आणि म्हणाले, "पाया पडून खाच बुजत न्हाय, बाळा. आनी म्या बी गप बसलो न्हवं? किल्ली दिली ती म्याच की." विश्वजितनं होड्या उचलून नेल्या. ट्यूबा अजून दुकानामागं पडून आहेत.

आता माझ्या अंगावर 'धोकादायक' असा कागद चिकटवलाय. सगळे गाळे उघडे आहेत. कार्तिकात बर्गे घालायचे की नाही ते ठरत नाही. घातले तर भोक आहे, नाही घातले तर उसाला पाणी नाही. या कागदाआधी जे अर्ज गेले होते, त्यांचं काय झालं ते मी काय सांगणार? माझं सांगणं एवढंच आहे. मला दुरुस्त करा, नाहीतर पाडून टाका आणि नवा बांधा. माझ्या पाण्यात मौज करायची तर जरूर करा, पण आधी माझ्या अंगाला कान लावणाऱ्या माणसाला विचारा, आणि तो जे सांगेल ते ऐका, मग तो कोणत्याही घरचा असो. मी वरून शांत दिसतो, त्यावर विश्वास ठेवू नका. मी बरीच वर्षं खोटं बोललोय.

इतकं होऊनही रविवारी गाड्या येतात. पोर वाचली ती देवाच्या कृपेनं, अशी बातमी कोल्हापुरात पोचलीय. परवाच एक कुटुंब आलं, बरोबर दोन लहान पोरी, हातात नारळ, ताटात हार. मोडक्या कट्ट्याकडं निघाले.

माझ्या तोंडाशी, वाटेवरच, धोंडुबाई रिकामं पोतं अंथरून बसलेली असते. सकाळी येते, दिवस मावळायला उठते. कुणी तिला बसवलेलं नाही. तिनं काठी आडवी धरली.

"आज्जी, तो जागृत देव इथंच ना?" त्या गृहस्थांनी विचारलं.

धोंडुबाईनं आधी त्यांच्या नारळाकडं पाहिलं, मग त्यांच्या पोरींकडं. म्हणाली, "न्हाय पावणं. हितं द्येव न्हाय. हितं भोक हाय. माझ्या नातीचा पाय ग्येला त्यात, आनी तिला म्याच धाडलं हुतं."

ते कुटुंब परत फिरलं. धोंडुबाईनं काठी मांडीवर घेतली आणि पुढच्या गाडीची वाट बघत बसून राहिली.